गिरणीवर सोलर: विकणाऱ्याचा हिशेब आणि माझा

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पॅनेल चांगली, बसवणारी पोरं कामाची, विकणारा माणूस बोलबच्चन, आणि विकल्यानंतरची सेवा यथातथा. पाचपैकी साडेतीन तारे. पैसे वसूल होतात, पण पत्रकात छापलेल्या तीन वर्षांत होत नाहीत. आमच्यासारख्या छोट्या गिरणीनं सहा वर्षं धरून चालावं. एजन्सीचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरातल्या बऱ्याच जणांची पत्रकं माझ्याकडं आली होती आणि सगळ्यांवरचं गणित एकाच साच्यातलं होतं, मग एकालाच धुऊन काढण्यात काय अर्थ?

आमची गिरणी शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. सासऱ्यांनी सुरू केलेली. खाली गव्हाची आणि ज्वारीची चक्की, शेजारी चटणीचं कांडप, वर आम्ही राहतो. मोठी मोटर १० एचपीची, मंजूर भार २० एचपी. वर्षाचा वीजवापर साधारण १४ हजार युनिट. पण तो बारा महिने सारखा नसतो, आणि या सगळ्या प्रकरणाची मेख तिथंच आहे. मार्च ते मे कांडपाचा हंगाम. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी घेऊन बायका सकाळपासून बसलेल्या असतात, आणि महिन्याला दोन हजार युनिटांच्या वर वीज जाते. पावसाळ्यात नुसतं दळप. तेव्हा सातशेवर काम भागतं.

आता त्या पत्रकातलं गणित. विकणारा आला तो लॅपटॉप घेऊनच. १० किलोवॅटचं सोलर, किलोवॅटमागं रोज ५ युनिट, वर्षाला १८,२५० युनिट. तुमची वीज ११ रुपये युनिट. म्हणजे वर्षाला दोन लाखांची बचत. किंमत पाच लाख ८० हजार. तीन वर्षांत फिटलं, पुढची बावीस वर्षं वीज फुकट. वर आयकरात ४० टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी मिळणारी वजावट, तो वेगळाच. सासूबाई शेजारी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं सगळं फुकट असतंय तर ह्यो विकत कशाला फिरालाय?"

त्याचं एकेक कलम मी नंतर वही घेऊन तपासलं.

११ रुपये हा दर त्यानं काढला कसा? माझ्या पावसाळ्यातल्या एका बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट. पण त्या बिलात स्थिर आकार आहे. तो सोलर बसवा, नाहीतर गिरणीला कुलूप लावा, भरावाच लागतो. पावसाळ्यात युनिट कमी, म्हणून तो आकार थोड्याच युनिटांवर वाटला जातो आणि सरासरी दर फुगलेला दिसतो. सोलरनं वाचतं ते फक्त युनिटामागं लागणारं: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क. माझ्या बिलात हे सगळं मिळून आठ रुपयांच्या आसपास बसतं. तिथंच बचतीचा चौथा हिस्सा गळाला.

मग ते रोजचे ५ युनिट. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ उन्हात ५ मिळतात, कधी थोडे जास्तही. पण हे कोल्हापूर आहे. इथं जूनच्या मध्यापासून सूर्य रजेवर जातो. माझ्या ॲपवर जुलैचा महिना जेमतेम ६०० युनिटांचा आहे, आणि आषाढातल्या काळ्या दिवशी दिवसभरात ८ युनिटसुद्धा झाले नाहीत. एप्रिल-मेमध्ये ऊन रणरणतं म्हणून खूप वीज होईल, असं वाटतं, तेही पुरतं खरं नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते, आणि त्याच्या वर दर अंशाला पाव-अर्धा टक्का अशी ती घटत जाते. मे महिन्यात गच्चीवरच्या पॅनेलला हात लावून बघा, चटका बसतो. सगळा पावसाळा आणि सगळा उन्हाळा धरून माझ्या पदरात वर्षाला १३ हजार युनिट पडले. गुणिले ८ म्हणजे एक लाख ४ हजार रुपये. दोन लाख कुठं आणि हे कुठं!

घसाऱ्याची तर गंमतच आहे. सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं. पण आम्ही रिटर्न भरतो ते आयकराच्या ४४एडी कलमाखाली, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्के नफा धरून. त्या पद्धतीत घसारा वेगळा दाखवता येत नाही. पेठेतल्या निम्म्याहून जास्त दुकानदारांचं तेच असणार. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला जे लागू पडतं ते गिरणीवालीला चिकटवायचं, आणि तिनं मान डोलवायची. जीएसटीचंही तसंच. मूळ किंमत पाच लाख १० हजार, त्यावर कर ७० हजारांच्या घरात. आम्ही नोंदणीच्या मर्यादेखाली, त्यामुळं त्यातला रुपया परत नाही. आम्ही २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास बसवलं. तेव्हा सोलरच्या सामानावर १२ टक्के कर होता आणि सामान ७० टक्के, काम ३० टक्के अशी विभागणी धरून एकूण १३.८ टक्के पडायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सामानावरचा कर ५ टक्क्यांवर आला, म्हणजे एकूण ८.९. आज कोणी घेत असेल तर एवढ्याच सोलरवर पंचवीसेक हजार वाचतील. कोटेशनमध्ये जुनाच दर ठोकलाय का, ते बघून घ्या.

अनुदानाचं विचारणारे फार असतात, म्हणून तेही लिहिते. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात, पण ते घरगुती मीटरवर. गिरणीचं मीटर औद्योगिक, त्याला छदाम नाही. यावरही एका महाभागानं तोड काढली होती. वरच्या घराच्या मीटरवर बसवायचं, अनुदान घ्यायचं आणि मागच्या बोळातून एक केबल खाली सोडायची. मी त्याला विचारलं, "भरारी पथक आलं तर दंड भरायला तू येणार काय?" चहा पिऊन गेला.

मग बसवलंच कशाला? कारण माझ्या हिशेबानंही ते परवडतं. पाच लाख ८० हजार भागिले एक लाख ४ हजार, म्हणजे साडेपाच वर्षं. कर्जाचं व्याज आणि धुणं-पुसणं धरलं तर सहाच्या पुढं. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी २५ वर्षांची असते. मध्ये एकदा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज आपल्या वायरिंगला चालेल अशी करणारं यंत्र, बदलावा लागला तरी गणित कोलमडत नाही. भिशीचे आणि हंगामातल्या शिल्लकीचे मिळून दोन लाख ३० हजार घातले, साडेतीन लाख कर्ज काढलं, दहा टक्क्यांच्या घरातलं, पाच वर्षांचं. हप्ता ७,४०० च्या आसपास. सरासरी बचत महिन्याला साडेआठ हजारांच्या वर. कागदावर हप्ता बचतीतून सुटतो. पण सरासरी हा शब्द विकणाऱ्याच्या कामाचा. जुलैत बचत पाच हजारांच्या खाली येते आणि हप्ता तेवढाच असतो, तेव्हा कांडपाचे पैसे राखून ठेवावे लागतात. मी उन्हाळ्यातच पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढते.

नेट मीटरचं काम बऱ्याच जणांना नीट कळलेलं नसतं. दुपारी गच्चीवर झालेली आणि खाली न लागलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, मीटर ती मोजतं आणि बिलातून वजा करतं. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात. इथवर छान. पण हा खाते-हिशेब ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे मिळतात ते आपण घेतो त्यापेक्षा खूपच कमी दरानं, आणि १ एप्रिलला पाटी कोरी. आता माझा धंदा बघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आकाश मोकळं, गिरणीवर बेताचं काम, त्यामुळं युनिट साठतात. मार्चमध्ये कांडप सुरू झालं की ते संपायला लागतात. आणि ऐन भरात, घरात मिरचीची पोती थप्पीला लागलेली असताना, ३१ मार्च उजाडतो. पाचसहाशे युनिट कवडीमोलानं जातात आणि एप्रिलमध्ये तेवढेच युनिट पुऱ्या दरानं विकत घ्यावे लागतात. रक्कम फार मोठी नाही, दोन-तीन हजारांची. पण विकणाऱ्यानं मला १५ किलोवॅट गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. "मंजूर भार आहे तेवढा, कशाला कमी घेताय?" म्हणाला. ते घेतलं असतं तर हीच गळती हजारो युनिटांची झाली असती.

१० किलोवॅटवर थांबायला आणखी एक कारण होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं वीजग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती केली, तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सोलरला तांत्रिक तपासणी न करता मान्यता धरली जाते. कागद कमी, खेपा कमी. तरी आमचं मीटर लागायला वेळ गेलाच, कारण एजन्सीनं भरलेल्या अर्जात ग्राहक म्हणून सासऱ्यांचं नाव होतं आणि जोडलेलं आधार कार्ड माझं. ते त्यांच्या लक्षात आणून द्यायलाही मीच.

बसवण्याच्या कामाला मात्र पूर्ण मार्क. साडेपाचशे वॅटची १८ पॅनेल, तोंड दक्षिणेला, उतार आपल्या अक्षांशाला शोभेल असा सतरा अंशांच्या आसपास. पॅनेलखालचं स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं, नुसत्या रंगाचं लोखंड नाही. इथल्या पावसात रंगाचं लोखंड दोन वर्षांत गंजतं, त्यामुळं ही गोष्ट लिहून घ्याच. पोरं सगळी उद्यमनगरात तयार झालेली, वेल्डिंगला हात बसलेला. अर्थिंगचे खड्डे कुठं मारायचे हा प्रश्न होता, पेठेत उघडी माती कुठली! मागच्या बोळातली फरशी उचलून त्यांनी खड्डे घेतले आणि फरशी परत जशीच्या तशी बसवली.

दोन ठिकाणी मी अडून बसले. एक म्हणजे इन्व्हर्टर. त्यांना तो खाली, मीटरशेजारी लावायचा होता. केबल कमी लागते आणि काम लवकर उरकतं. मी त्या माणसाला भिंतीवरची खूण दाखवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथवर होतं. २०२१ च्या जुलैतही जवळपास तिथवरच. दोन्ही वेळा मोटारी उतरवून रिवाइंडिंगला न्याव्या लागल्या होत्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालासुद्धा पाठ असतं, आणि हे साहेब लाख रुपयांचं यंत्र जमिनीपासून चार फुटांवर लावायला निघालेले! इन्व्हर्टर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला. केबलचे जास्तीचे पैसे मी दिले, ते योग्यच होते. नदीकाठच्या पेठांत कोणी बसवणार असेल तर या एका मुद्द्यावर तडजोड करू नका.

दुसरा वाद गच्चीचा. आमची गच्ची साडेआठशे चौरस फुटांची, आणि उन्हाळ्यात ती निम्म्या गल्लीची असते. गिऱ्हाइकांच्या मिरच्या कांडपाआधी तिथंच वाळतात. सासूबाईंचे सांडगे-पापड-कुरडयाही तिथंच. पॅनेलनं पाचशेच्या वर चौरस फूट खाल्ले. उंच स्ट्रक्चर केलं तरी खाली सावलीच, आणि सावलीत मिरची वाळत नाही. शेवटी पश्चिमेची पट्टी मोकळी सोडून घेतली. तरी जागा कमी पडते आणि काही बायका आता मिरची घरूनच वाळवून आणतात. हा तोटा कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. कुणी तो रुपयांत मांडूही शकणार नाही, पण मिरची ओलसर आली की कांडपाला वेळ लागतो आणि चटणीचा रंग उतरतो, ते मला रोज दिसतं.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज वीज जाण्याबद्दल आहे. लाइन गेली की हे सोलरही बंद पडतं. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला, इन्व्हर्टर मुद्दामच तसा बनवलेला असतो. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसेल. विकणाऱ्यानं हे विचारल्याशिवाय सांगितलं नाही. त्यामुळं दुरुस्तीसाठी लाइट बंद असली की दारात ठरलेला संवाद होतो.

"आवं, वर एवढं सोलर लावलंय आणि गिरणी बंद व्हय?"

"व्हय, मावशी. डबा ठेवून जावा, पोरगं मेसेज टाकतंय."

बॅटरीवर गिरणी चालवता येते का, तेही विचारून बघितलं. १० एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढा दम असलेला इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली तर खर्च जवळपास दुप्पट. सोडून दिलं.

आता नापास झालेला विषय. करारात पहिलं वर्ष पॅनेल धुवायचं त्यांच्याकडं होतं, दर तीन महिन्यांनी. एकदा आले, फोटो काढले, गेले. इथं धूळ साधी नसते. खालून पिठाची भुकटी उडते, हंगामात तिखटाची, आणि उसाचं गाळप सुरू झालं की वाऱ्याबरोबर काजळी येते. तिन्हींवर दव पडलं की भाकरीच्या तव्यासारखा थर बसतो. डिसेंबरात आकडे खाली यायला लागले म्हणून फोन केला तर "मॅडम, थंडीत तेवढंच होतं." सकाळी ऊन चढायच्या आत पोरानं आणि मी पाइपनं धुतलं. त्याच आठवड्यात आकडा वर आला. बोअरचं पाणी मात्र वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग राहतात.

पावसाळ्यात दुसरा ताप. सकाळी सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून इन्सुलेशनची चूक सांगायचा आणि दहा-साडेदहापर्यंत सुरूच व्हायचा नाही. एजन्सीवाला म्हणायचा, इन्व्हर्टर कंपनीला फोन करा. कंपनीवाला म्हणायचा, वायरिंग एजन्सीचं. शेवटी उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या वायरमनला वर चढवलं. एका ओळीचा कनेक्टर गच्चीच्या पन्हाळीत, पाण्यात लोळत पडला होता. बांधून वर घेतला, बदलला, दिवा हिरवा. वायफायचा पासवर्ड बदलला तेव्हा ॲप कोरं पडलं, तेही माझ्या मुलानंच जोडलं. म्हणजे पाच लाख ८० हजारांत सेवा धरलेली नव्हती, असंच म्हणायचं.

पर्यावरणाचं लिहायचं राहिलं. भारतातल्या ग्रिडच्या एका युनिटामागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, त्या हिशेबानं माझे वर्षाला नऊ टन वाचले. नवरा शिरोलीत फौंड्रीत आहे. तिथं निर्यातीच्या माणसांच्या तोंडी हेच टन असतात, कारण युरोपनं लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालावर लावलेली कार्बनची जकात १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्षात आली. माझ्याकडं अजून कुठल्या बाईनं, "चटणी किती कार्बनची?" असं विचारलेलं नाही. त्या विचारतात ते, "दर वाढवला न्हाई न्हवं?" नाही वाढवला. एवढ्या गल्लीत सोलरचा फायदा गिऱ्हाइकाला कळला असेल तर तो इतकाच. घरघंटी आणि पुडीतलं पीठ यांच्याशी टक्कर देताना दर न वाढवता टिकणं हीच मोठी गोष्ट आहे.

एक धोका उरतो तो नियमांचा. पॅनेल २५ वर्षं टिकेल, पण आजची नेट मीटरिंगची पद्धत २५ वर्षं अशीच राहील, असं कुणी लिहून देत नाही. दर आणि अटी वीज नियामक आयोगाच्या हातात. म्हणून मी जमेल तेवढं कांडप सकाळी दहा ते चारमध्येच उरकते. वीज झाली तेव्हाच वापरली की नियम कसेही बदलले तरी आपलं फार जात नाही. बेकरीवाल्या शेजाऱ्याची भट्टी आणि मिक्सर पहाटे चालतात. तो माझं बिल बघून तसंच दहाचं मागवायला निघाला होता. त्याला म्हटलं, आधी स्वतःची बारा महिन्यांची बिलं काढ, कुठल्या महिन्यात किती आणि दिवसा किती ते मांड, मग बोलव त्यांना.

परवा एजन्सीचा निरोप आला. देखभालीचा वार्षिक करार, १२ हजार रुपये, आजच सही केली तर सूट. पहिल्या वर्षाची राहिलेली धुणी आधी करून द्या, मग सहीचं बघू, असं कळवलंय. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आहेत, माणूस अजून आलेला नाही.